दाराची खालची कड

नमस्कार मंडळी.

आज मला लाकडाच्या पॉलिशबद्दल बोलायचं आहे. घराला नवं दार बसलं, आजोबांच्या वेळचा झोपाळा माळ्यावरून खाली काढला किंवा एखाद्या खोलीत लाकडी जमीन करून घेतली, की आपण दुकानात जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, "चकाकी कशाला जास्त येते?" माझे वडील आयुष्यभर पॉलिशकाम करत होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. गिऱ्हाइकानं चकाकीचं विचारलं की आण्णा त्यालाच उलट दोन प्रश्न विचारायचे. "ह्याला पाणी कुठनं लागणार? आणि पाच वर्षांनी खराब झालं तर दुरुस्त कोण करणार?" आण्णांच्या मागं हे काम मी करते, आणि मीही आधी हेच दोन प्रश्न विचारते. त्यांची उत्तरं मिळाली की अर्धी निवड तिथंच होते.

पाण्याचा प्रश्न आपल्या कोल्हापुरात जरा जास्तच गंभीर आहे. भर पावसात आपल्या हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते आणि मार्चच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्या आसपास येते. लाकूड तोडून कितीही वर्षं झाली तरी ते हवेतला ओलावा आत घेतं आणि बाहेर टाकतं. ओलावा घेतला की ते फुगतं, तेही फक्त रुंदीत आणि जाडीत. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. एक फूट रुंदीच्या सागवानी फळीत पावसाळा ते उन्हाळा तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडू शकतो. कोणतंही पॉलिश हे पूर्णपणे थांबवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतं. पण हा वेग सगळ्या बाजूंनी सारखा कमी व्हायला हवा, आणि नेमकी तिथंच आपली चूक होते.

श्रावणात दार चौकटीला घासायला लागतं. आपण सुताराला बोलावतो, तो कडेवर रंधा मारून देतो, दार लागायला लागतं आणि विषय संपतो. पण रंधा मारलेली ती कड आता उघडी असते. पुढच्या पावसात तिथूनच दार पुन्हा पाणी पितं आणि पुन्हा घासतं. मार्चमध्ये मात्र त्याच कडेला बोटभर फट दिसते. दाराची वरची आणि खालची कड तर बहुतेक घरांत कधी पॉलिश बघतच नाही. तिथं लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, आणि बाकीच्या बाजूंपेक्षा तिथून पाणी कितीतरी भराभर शिरतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेत माझ्या आत्याच्या घरात शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो. तिच्याकडं दोन दारं होती. पुढच्या दाराला बाहेरच्या बाजूनं मेलामाइन नावाच्या कडक रासायनिक पॉलिशचा काचेसारखा थर होता, आतल्या बाजूला नुसता एक हात मारलेला. त्या दाराला पीळ पडला होता. बाहेरचा थर पांढुरका होऊन नखानं सोलून निघत होता, कारण आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट शोधत होतं. मागचं न्हाणीघराचं दार जुनं, वर्षाआड जवसाचं तेल प्यालेलं. ते काळवंडलं होतं, पण सरळ होतं. आण्णांनी दोन्ही दारं उतरवली, सावलीत विटांवर आडवी ठेवली आणि संक्रांतीपर्यंत पॉलिशचा डबा उघडू दिला नाही. आत्या घाई करत होती. आण्णा म्हणाले, "वरनं कोरडं झालं म्हणजे आतनं वाळलं, असं नसतंय गं." पुराच्या लाकडाला उन्हात तापवू नका. बाहेरचा भाग आधी आकसतो आणि फळी फाटते.

आता एकेक पॉलिश बघू.

घरातल्या फर्निचरला, झोपाळ्याला, देव्हाऱ्याला माझं पहिलं मत लाखेला, म्हणजे ज्याला आपण फ्रेंच पॉलिश म्हणतो त्याला. झाडाच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे राळेसारखं कवच करतात, ते स्वच्छ करून पातळ पापुद्रे बनवतात. त्याला चपडी म्हणतात. आण्णा एक लिटर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडी घालून बाटली रात्रभर ठेवायचे आणि येता-जाता हलवायचे. सकाळी मधासारखा रंग यायचा. मग कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळायचा, पॉलिशमध्ये जेमतेम ओला करायचा, त्यावर बोटाच्या टोकानं तेलाचा ठिपका लावायचा आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा हात फिरवत राहायचं. बोळा कुठंही थांबवायचा नाही, थांबला की तिथं चिकटून खालचा थर उचलला जातो. लाखेचा थर हवेतला दमटपणा चांगला अडवतो. पण त्यावर गरम चहाचा कप ठेवला किंवा पाणी तसंच राहिलं की पांढरा गोल उमटतो. तरीही मी लाखच निवडते, कारण तो गोल घालवायला सगळं खरवडावं लागत नाही. स्पिरिटनं किंचित ओलावलेला बोळा त्यावरून झरझर फिरवला की खालची लाख विरघळून पुन्हा एकजीव होते. वीस वर्षांचा जुना थरही नव्या हाताला धरतो. फक्त तयार पॉलिश साठवून ठेवू नका. वर्षभर पडून राहिलेली लाख चिकट राहते, वाळतच नाही. काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकून बघा. तास-दीड तासात बोटाला लागत नसेल तरच लाकडाला लावा.

बाहेरच्या दाराला, खिडक्यांच्या गजांच्या चौकटीला, अंगणातल्या बाकड्याला तेल बरं. पण कोणतं तेल? आपल्याकडं अनेकजण दसऱ्याला दाराला शेंगतेल किंवा खोबरेल चोळतात. दोन दिवस दार छान दिसतं, मग त्यावर धूळ चिकटून काळा थर बसतो. ही तेलं वाळत नाहीत. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, घट्ट होतं. कच्चं जवस वाळायला आठवडाही घेतं, म्हणून दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं ते घ्या. त्यात लवकर वाळण्यासाठी धातूचे क्षार मिसळलेले असतात, त्यामुळे ते पोळपाटाला किंवा परातीतल्या लाटण्याला कधीही लावू नका. त्यांना मधमाशीचं शुद्ध मेण कोमट करून चोळावं, तेवढं पुरे. जवसाचा हात पातळ हवा. लावा, पंधरा-वीस मिनिटांनी जे वर राहिलं ते पुसून काढा.

इथं एक गोष्ट हात जोडून सांगते. जवस पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. बोळ्याच्या आत ती साठत जाते आणि कुणी काडी न लावता चिंध्या पेट घेतात. घरं जळाली आहेत यानं. चिंधी दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

आता मेलामाइन आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. हे दोन्ही डब्यात हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, मिसळून लावतात, आणि मिसळल्यावर ठरावीक तासांतच संपवावे लागतात. थर टणक होतो, पाणी, चहा, मुलांची खेळणी सगळं सोसतो. पण एकदा खोल ओरखडा गेला की तेवढीच जागा जोडता येत नाही, बहुधा पूर्ण फळी घासून नव्यानं करावी लागते. जेवणाच्या टेबलाला आणि जमिनीला मी पीयूच सुचवते, कारण तिथं रोजची झीज आहे आणि लाख टिकणार नाही. मेलामाइन त्यामानानं ठिसूळ, फळी फुगली की तडकतं. पीयूचा फवारा मारताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, हार्डनरची वाफ फुप्फुसांना दम्यापर्यंत नेते. योग्य गाळणीचा मास्क हवा आणि पोरंबाळं त्या दिवशी दुसऱ्या घरी हवीत.

माझ्या हातून याच पीयूचं एक काम बिघडलं होतं. घरात लग्न होतं म्हणून जुलैमध्ये एका गिऱ्हाइकाच्या जिन्याचा कठडा मी करून दिला. बाहेर झड लागलेली. दुसऱ्या दिवशी बघते तर कठडाभर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे. हार्डनर हवेतल्या पाण्याशी जुळतो तेव्हा वायू तयार होतो, आणि तो थरातच अडकतो. सगळा कठडा घासून दिवाळीनंतर मी पुन्हा केला, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी पॉलिशचं काम घेत नाही. लाखसुद्धा त्या दिवसांत धुरकट होते.

लाकडी जमिनीचं थोडं वेगळं. आधी ती खरंच लाकडाची आहे का बघा. लाकडी म्हणून विकली जाणारी बरीच जमीन लॅमिनेटची असते, वर लाकडाचा छापील कागद आणि त्यावर कडक थर. तिला कोणतंही पॉलिश लागत नाही. जमीन खरी असेल तर मॅट पीयू घ्या. चकचकीत थरावर वाळूच्या कणाचा प्रत्येक ओरखडा चमकतो. सागवान असेल तर त्याच्या अंगचं तेल थर धरू देत नाही, म्हणून थिनरनं पुसून लगेच पहिला हात मारावा. तीन हात, मधे ३२० नंबरचा पॉलिश पेपर. अनवाणी चालायला एक दिवसानं हरकत नाही, सामान तीन दिवसांनी हलवा, सतरंजी आठवड्यानंतरच. आणि फिनेलच्या पाण्याचा थबथबता पोछा बंद. पिळून घेतलेलं फडकं पुरतं. वाळवीला मात्र यातलं एकही पॉलिश अडवत नाही, तिचा बंदोबस्त वेगळा आणि आधी करायचा.

घरातल्या जुन्या वस्तूवर आधीचं काय आहे हे कळायला सोपी खूण आहे. कुठंतरी न दिसणाऱ्या जागी कापसानं स्पिरिट घासा. चिकट झालं तर लाख. स्पिरिटला दाद दिली नाही, पण थिनरनं मऊ पडलं तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारं, लवकर वाळणारं पॉलिश. दोन्हीला काही झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू, आणि मग त्यावर लाख किंवा तेल लावून उपयोग नाही. आधी पेपर मारावाच लागेल.

आज रात्री एवढं करा. हातातला छोटा आरसा जमिनीवर ठेवून दाराखाली सरकवा आणि मोबाइलच्या उजेडात दाराची खालची कड बघा. ती पांढरी, कोरी दिसली, तर ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबून पंधरा दिवस ऊन पडलं की बिजागऱ्या सोडवा, दार दोन स्टुलांवर आडवं ठेवा आणि पहिला हात त्या कडेला मारा. मग बाकीचं दार.

नमस्कार.