बाटलीवर लिहायची तारीख

नमस्कार श्रोतेहो.

मी त्वचारोगांची डॉक्टर आहे आणि आज एका छोट्याशा बाटलीबद्दल बोलणार आहे. डोक्याच्या कातडीला लावायच्या स्टेरॉइडची बाटली. कधी ते लोशन असतं, कधी पाण्यासारखं पातळ द्रावण, कधी फेस, कधी शाम्पू. डोक्यात सोरायसिस असेल, इसब असेल, किंवा साध्या कोंड्याच्या पुढची पायरी म्हणजे सेबोरिक डर्मटायटिस असेल, तर ही बाटली घरात कधी ना कधी येतेच.

ती दोन तऱ्हेच्या माणसांच्या हाती पडते. काही जण 'स्टेरॉइड' हा शब्द ऐकूनच दचकतात. भीतभीत दोन थेंब लावतात, मध्ये चार दिवस सोडून देतात आणि परत येऊन सांगतात, 'डॉक्टर, काही गुण नाही.' काही जणांची खाज तिसऱ्याच दिवशी थांबते. मग ती बाटली त्यांना इतकी आवडते की वर्षभर उशाशी राहते. डोकं खाजलं, लाव थोडं. मला काळजी दोघांचीही वाटते. कारण औषध कुठे लावायचं आणि कधी थांबवायचं, हे दोघांनाही बहुतेक वेळा कुणी शांतपणे सांगितलेलंच नसतं.

आधी भीतीबद्दल बोलू. शरीर पिळदार करायला काही जण घेतात ती स्टेरॉइड वेगळी. आपण बोलतोय ती कॉर्टिकोस्टेरॉइड. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी आपल्या शरीरात असंच एक द्रव्य रोज तयार करत असतात. 1948 साली अमेरिकी डॉक्टर फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला त्याच जातीचं कॉर्टिसोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. 1950 मध्ये त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळालं. कातडीवर मात्र कॉर्टिसोन चालेना. 1952 मध्ये सल्झबर्गर आणि विटन या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन वरून लावून पाहिलं, आणि इसबाचा दाह उतरला. त्याआधी इसबाच्या रुग्णाला डांबराचे लेप लावून रात्र रात्र खाजवत काढावी लागे. म्हणून हे औषध वाईट आहे असं कुणी म्हटलं की मला ते सहन होत नाही.

'याने केस गळतील का?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उलट आहे. केसांचं नुकसान करतो तो दाह, आणि त्यात सतत खाजवणं. चाई पडते, म्हणजे डोक्यात गोल टक्कल पडतं, तेव्हा केस परत यावेत म्हणून आम्ही स्टेरॉइडच देतो.

आता ताकदीबद्दल. इथे भलेभले फसतात. एका ट्यूबवर लिहिलेलं असतं हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का. दुसऱ्या बाटलीवर क्लोबेटासॉल 0.05 टक्के. आकडा पाहून कुणालाही वाटेल की दुसरं सौम्य आहे. वस्तुस्थिती अशी की हायड्रोकॉर्टिसोन सगळ्यात सौम्य गटात आहे आणि क्लोबेटासॉल सगळ्यात जहाल गटात. दोन वेगळ्या औषधांच्या टक्क्यांची तुलना करताच येत नाही. बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावं दिसली तर ती साधारणपणे जोरकस गटातली. नाव माहीत नसेल तर बाटली हातात धरून विचारा, 'हे कोणत्या ताकदीचं आहे?' हा प्रश्न विचारायला संकोच वाटायचं कारण नाही.

मग डोक्याला इतकं जोरकस औषध का देतात? डोक्याची कातडी जाड असते, खपल्यांचे थर असतात, वर केसांचं रान. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा. 1967 साली फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी शरीराच्या कोणत्या भागातून हायड्रोकॉर्टिसोन किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागातून जितकं आत जातं त्याच्या साडेतीन पट डोक्यातून जातं, आणि कपाळातून सहा पट. केसांची मुळं म्हणजे आत जायच्या वाटाच. त्यामुळे डोक्यावरचं औषध ओघळून कपाळावर आलं तर ते 'थोडंसंच आहे' म्हणून सोडून द्यायचं नाही. लगेच पुसायचं. कपाळावर बारीक पुळ्यांची रांग घेऊन लोक येतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो की डोक्याला काय लावता?

लावायची रीत मात्र मी सावकाश सांगणार आहे, कारण निम्मं अपयश तिथेच असतं. बहुतेक जण बाटली डोक्यावर उपडी करतात आणि वरून चोळतात. औषध केसांना लागतं. केसांना आजार नाही, आजार खालच्या कातडीला आहे. केस कोरडे असू द्या, फार तर टॉवेलने टिपलेले. जिथे चट्टा आहे तिथे भांग पाडा. बाटलीचं टोक कातडीजवळ न्या आणि त्या भांगात थोडे थेंब सोडा. बोटाच्या टोकाने हलकेच पसरवा, नख लावू नका. मग बोटभर अंतरावर दुसरा भांग, पुन्हा तेच. चट्टा संपला की थांबा. चांगल्या कातडीला औषधाची गरज नाही. मागच्या बाजूला आपला हात पोहोचतो पण डोळे पोहोचत नाहीत, तिथे घरातल्या कुणाची तरी मदत घ्या. ज्याने लावलं त्याने हात साबणाने धुवायचे. रात्री लावून सकाळी डोकं धुतलं तर चालतं. लावल्याबरोबर धुतलं, तर औषध वाहून गेलं.

खपल्या जाड असतील तर औषध खपलीवरच बसून राहतं. सोरायसिसमध्ये हे नेहमीचं. निरोगी कातडीची पेशी तळापासून वर यायला साधारण महिनाभर घेते, सोरायसिसमध्ये ती काही दिवसांतच वर येते, म्हणून थरावर थर साचतात. आधी ते थर मऊ करावे लागतात. तेलाने किंवा सॅलिसिलिक अॅसिड असलेल्या औषधाने, डॉक्टर सांगतील तसं. खपली ओरबाडून काढू नका. सोरायसिसमध्ये जिथे जखम, तिथे नवा चट्टा उठतो.

क्लोबेटासॉलच्या शाम्पूबद्दल वेगळं सांगते, कारण तो नेहमीच्या शाम्पूसारखा वापरून फुकट घालवला जातो. तो कोरड्या डोक्याला लावायचा, चट्ट्यांवर पातळसा, 15 मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग पाणी घालून फेस करून धुवायचा. त्या 15 मिनिटांत डोक्याला टोपी किंवा प्लास्टिक गुंडाळायचं नाही. झाकलं की औषध कितीतरी जास्त आत शिरतं. कधीकधी आम्ही मुद्दाम झाकायला सांगतो, पण ते सांगितलं असेल तरच.

द्रावणात आणि काही फेसांत अल्कोहोल असतं. खाजवून चिरलेल्या कातडीवर ते झणझणतं, आणि ते पेट घेतं. लावल्यावर सुकेपर्यंत विडी-सिगारेट, शेगडी आणि केस वाळवायचं यंत्र यांपासून लांब राहा. फार झोंबत असेल तर औषध सोडू नका, मलम किंवा लोशनच्या रूपात बदलून मागा.

आता तारीख. बाटली उघडलीत की तिच्यावर दोन तारखा पेनाने लिहा. आज सुरू केली ती, आणि थांबायची ती. क्लोबेटासॉलचं द्रावण सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावायचं नसतं आणि आठवड्याला 50 मिलिलिटरच्या वर न्यायचं नसतं. शाम्पूची मुदत चार आठवडे. सौम्य औषधाला जास्त दिवस मिळतात, पण मुदत त्यालाही असते. मुदत पाळली नाही तर काय होतं? कातडी पातळ होते, लाल बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, केसांच्या मुळांशी पुळ्या येतात. खूप दिवस, खूप प्रमाणात लावलं तर शरीराच्या अॅड्रिनल ग्रंथींचं काम मंदावू शकतं. सौम्य औषध दोन आठवडे लावलेल्याला याची भीती नको. वर्षभर जहाल औषध लावणाऱ्याला मात्र हे मी स्पष्ट सांगते.

असं दीर्घकाळ लावलेलं एकदम बंदही करू नका. आजार दुप्पट जोराने उसळतो, विशेषतः सोरायसिस. आम्ही हळूहळू उतरवतो. रोजचं एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. ज्यांचा आजार पुन्हा पुन्हा येतो त्यांना आठवड्यातले ठरलेले दोन दिवस लावायला सांगतो. मधल्या काळात स्टेरॉइड नसलेली औषधं असतात. सोरायसिसला कॅल्सिपोट्रिऑल, सेबोरिक डर्मटायटिसला कीटोकोनाझोलचा शाम्पू, कारण तिथे मलासेझिया नावाच्या बुरशीचा हात असतो.

आणि बुरशीवरूनच सगळ्यात महत्त्वाची सूचना. मुलाच्या डोक्यात गोल चट्टा पडला, तिथले केस तुटके झाले, मानेत गाठी लागल्या, तर तो नायटा असू शकतो. त्यावर स्टेरॉइड लावलं की लाली आणि खाज उतरते, आईबापांना बरं वाटतं, आणि बुरशी खाली पसरत राहते. डोक्यातल्या नायट्याला पोटात घ्यायचं औषध लागतं, वरच्या औषधाने तो जात नाही. मोठ्यांची शिल्लक बाटली मुलाच्या डोक्याला लावू नका, हे मी हात जोडून सांगते. मुलांचं शरीर लहान, त्या मानाने कातडी जास्त, आणि शोषलेलं औषध त्यांना भारी पडतं.

डोळ्यांत गेलं तर भरपूर पाण्याने धुवा. वारंवार जात राहिलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. गरोदर असाल तर आधी सांगा, बहुतेक वेळा सौम्य पर्याय निघतो. पू आला, ताप आला, किंवा टकलाचा डाग गुळगुळीत चकचकीत दिसू लागला तर मुदत संपायची वाट न पाहता दाखवा. तो चकचकीतपणा म्हणजे केसांची मुळं कायमची जात असल्याची खूण असू शकते, तिथे आठवडेसुद्धा मोलाचे असतात.

पुढच्या खेपेला येताना एक काम करा. लावून संपलेल्या बाटल्या टाकून देऊ नका, पिशवीत घालून सोबत आणा, दुसऱ्या कुणी दिलेल्या असल्या तरी. महिन्याला किती बाटल्या संपल्या हे मोजलं की मला तुमच्या कातडीबद्दल जे कळतं, ते 'थोडंथोडंच लावते हो' या उत्तरातून कधीच कळत नाही. बाटल्या जास्त निघाल्या तर मी रागावणार नाही. आपण बसून ती उतरवायचं वेळापत्रक करू.

नमस्कार.