दाढीतली घुबडं

पडद्यावरच्या या म्हाताऱ्याच्या दाढीकडे नीट बघा. दोन घुबडं, एक कोंबडी, चार चंडोल आणि एक इवलासा रेन पक्षी. सगळ्यांनी तिथे संसार थाटलाय. म्हातारा म्हणतो, मला हीच तर धास्ती होती!

हा म्हातारा ज्या पुस्तकातला, त्याचं नाव 'अ बुक ऑफ नॉनसेन्स', म्हणजे निरर्थक गमतींचं पुस्तक. फेब्रुवारी 1846 मध्ये लंडनचा प्रकाशक टॉमस मॅक्लीन याने ते दोन भागांत काढलं. कविता एकूण 72. कवीचं खरं नाव कुठेच नाही. 'डेरी डाउन डेरी' एवढंच टोपणनाव. जुन्या पुस्तकांचे शौकीन या पहिल्या आवृत्तीसाठी जीव टाकतात, पण धड प्रत मिळणं मुश्कील. पोरांनी पुस्तक इतकं वाचलं, की ते वाचलंच नाही. ओळखायची एक खूण सांगतो: आज पाच ओळींत छापल्या जाणाऱ्या या कविता तेव्हा तीनच ओळींत बसवल्या होत्या.

कवी आणि चित्रकार एकच, एडवर्ड लिअर. जन्म 1812, लंडन. भावंडांचा मोठा गोतावळा. याला वाढवलं थोरल्या बहिणीने, ॲनने. अपस्माराचे झटके यायचे, ते त्याने जन्मभर लपवले. विशीच्या आतच तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोपट रंगवू लागला. रखवालदार पक्षी धरून ठेवायचा आणि लिअर पंखांची मापं घ्यायचा. आता हे पोपटाचं चित्र बघा. पीस न् पीस मोजून घ्या. पुढे लॉर्ड डर्बी या उमरावाने आपल्या नोझ्लीच्या वाड्यावरचे पशुपक्षी चितारायला त्याला बोलावलं. तिथल्या मुलांना रिझवायला त्याने या कविता आणि चित्रं केली.

म्हणून कवितांसोबतची ही वेडीवाकडी रेघ बघताना फसू नका. हात मागे फेकलेली, चवड्यांवर उभी असलेली ही माणसं उडायच्या बेतातले पक्षी दिसतात, आणि तशी ती काढायला पक्षी आधी पाठ असावे लागतात.

पुस्तक गाजलं, तशी अफवा उठली की खरा लेखक लॉर्ड डर्बीच. तोही एडवर्डच, आणि त्याच्या 'अर्ल' (Earl) या किताबाची इंग्रजी अक्षरं फिरवली की 'लिअर' (Lear) होतं! एकदा आगगाडीत एक गृहस्थ हेच छातीठोकपणे सांगत होते. समोर बसलेल्या लिअरने टोपी काढून आतलं नाव दाखवलं, मग रुमालावरचं. हा किस्सा त्यानेच लिहून ठेवलाय, सोबत चित्रही काढलंय.

1861 च्या आवृत्तीवर अखेर त्याचं नाव आलं. कविता 112 झाल्या. पुढच्याच वर्षी त्याने हक्क 125 पौंडांना विकून टाकले. नंतर आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. चांदी झाली ती प्रकाशकाची.

आणि हा गृहस्थ आपल्याकडेही येऊन गेलाय. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या निमंत्रणावरून नोव्हेंबर 1873 मध्ये तो मुंबईत उतरला. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात पुण्यालाही राहिला. जुलै 1874 मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात त्याची 'द कमरबंद' ही कविता आली. तिची नायिका धोब्यावर बसून तारा न्याहाळते. जाणारे-येणारे पंखे तिच्या रूपाची तारीफ करतात. आसपास उंच उंच खानसामे वाढलेत, निळ्या चौक्यांवरून खिदमतगारांच्या वेली लोंबतायत. शेवटी एक भयंकर कमरबंद येतो आणि तिला गिळून टाकतो. लंडनच्या वाचकाला यातलं किती उमगलं असेल, देव जाणे. आपल्याला मात्र धोब्यापाशीच हसू फुटतं.