अभावांवर उभी राहिलेली प्रजाती

श्रोतेहो, माणसाच्या मोठ्या आतड्यात कोणते जिवाणू राहतात याची यादी कोणत्याही प्रयोगशाळेने केली, तरी तिच्यात बॅक्टेरॉइडीस हे नाव बहुधा वरच्या रांगेत असते. या जिवाणूंचे आरोग्याला फायदे किती आणि तोटे किती, हा आजचा विषय नाही. या प्रजातीच्या (म्हणजे निकटच्या अनेक जातींना सामावणाऱ्या गटाच्या, इंग्रजीत ‘जीनस’) सीमा कशा आखल्या गेल्या आणि त्या पुन्हा पुन्हा का पुसाव्या लागल्या, एवढेच मला सांगायचे आहे.

व्हेयाँ आणि झ्यूबर यांनी १८९८ साली आंत्रपुच्छाच्या दाहाचा (अपेंडिसायटिसचा) अभ्यास करताना सापडलेल्या, हवेत न वाढणाऱ्या एका दंडाकार जिवाणूचे ‘बॅसिलस फ्रॅजिलिस’ या नावाने वर्णन केले. १९१९ मध्ये कॅस्टेलानी आणि चामर्स यांनी बॅक्टेरॉइडीस ही प्रजाती मांडली आणि फ्रॅजिलिस ही तिची प्रारूप-जाती, म्हणजे प्रजातीच्या नावाला आधार देणारी नमुना-जाती, ठरली. प्रजातीत प्रवेशाच्या अटी व्यवहारात अशा होत्या: जिवाणू दंडाकार असावा, ग्रॅम रंजनात (जिवाणू ओळखण्याच्या रंगाच्या चाचणीत) त्याने जांभळा रंग धरून ठेवू नये, त्याने बीजाणू (प्रतिकूल काळात तग धरणारी टणक रूपे) तयार करू नयेत आणि ऑक्सिजनमध्ये वाढू नये. या चारांपैकी तीन अटी नकारार्थी आहेत, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. अमुक गुण नाही एवढ्यावरून दोन जिवाणूंचे नाते सिद्ध होत नाही. बीजाणू न बनवण्याची क्षमता कोणी कोणाकडून वारशाने घेत नसतो. परिणामी तोंडातले, आतड्यातले, जनावरांच्या पोटातले असंख्य जिवाणू या एकाच नावाखाली जमा होत गेले. त्यांच्या डीएनएमधील ग्वानीन आणि सायटोसीन या दोन घटकांचे एकत्रित प्रमाण २८ टक्क्यांपासून ६१ टक्क्यांपर्यंत पसरलेले आढळले, तेव्हा ही एक प्रजाती असूच शकत नाही, हे उघड झाले. कारण एकाच प्रजातीतल्या जातींमध्ये हा फरक साधारणपणे दहा टक्क्यांच्या आतच राहावा, अशी अपेक्षा असते.

शाह आणि कॉलिन्स यांनी या पसाऱ्याची आवराआवर केली. शर्करा न पचवणाऱ्या, रंगद्रव्य तयार करणाऱ्या जातींसाठी १९८८ मध्ये पॉर्फिरोमोनास, तर मध्यम प्रमाणात शर्करा पचवणाऱ्या आणि पित्ताला न टिकणाऱ्या जातींसाठी १९९० मध्ये प्रेव्होटेला या प्रजाती झाल्या. दरम्यान १९८९ मध्ये त्यांनी असे सुचवले की बॅक्टेरॉइडीस हे नाव फ्रॅजिलिस आणि तिच्या निकटच्या आप्तांपुरतेच ठेवावे. माझ्या मते या प्रजातीच्या इतिहासातला हाच सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, कारण व्याख्या प्रथमच होकारार्थी झाली: शर्करेपासून प्रामुख्याने सक्सिनिक आणि ॲसेटिक आम्ले तयार होणे, पेशीपटलात स्फिंगोलिपिडे हे विशिष्ट मेदपदार्थ असणे, १० किंवा ११ आयसोप्रीन एककांची (ठरावीक कार्बनी तुकड्यांची) शेपटी असलेली मेनाक्विनोने, म्हणजे पेशीच्या ऊर्जानिर्मितीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारी संयुगे, असणे. या शेवटच्या लक्षणाने पुढेही काम दिले. साकामोतो आणि बेन्नो यांनी २००६ मध्ये डिस्टासोनिस, मर्डी आणि गोल्डस्टीनाय या जाती वेगळ्या काढून पॅराबॅक्टेरॉइडीस प्रजाती स्थापन केली, तेव्हा १६एस आरआरएनए जनुकाच्या (जिवाणूंचे नाते ठरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाच्या) क्रमाबरोबरच त्यांच्यात ९ आणि १० एककांची मेनाक्विनोने असणे हाही आधार होता.

नाव कोणाकडे राहायचे, हे मात्र रसायनशास्त्र ठरवत नाही. ते नियम ठरवतात. प्रजातीचे नाव तिच्या प्रारूप-जातीला बांधलेले असते आणि जातीचे नाव एका जिवंत प्रारूप-वाणाला, म्हणजे नमुना म्हणून जपलेल्या जिवाणूंच्या एका वंशाला. फ्रॅजिलिसचा हा वाण अमेरिकेच्या संग्रहात एटीसीसी २५२८५ आणि ब्रिटनच्या संग्रहात एनसीटीसी ९३४३ या क्रमांकांनी जतन केलेला आहे. म्हणून प्रजाती कितीही वेळा विभागली, तरी फ्रॅजिलिस बॅक्टेरॉइडीसमध्येच राहते. मग आतड्यात तिच्यापेक्षा दुसरी एखादी जाती कितीही विपुल असो.

व्हल्गेटस या जातीला हाच नियम भोवला. निरोगी आतड्यात ती फ्रॅजिलिसपेक्षा सहसा कितीतरी अधिक असते. परंतु २०२० मध्ये संपूर्ण जनुकसंचांच्या तुलनेवरून तिची आणि डोरीआय, प्लेबियस यांसारख्या जातींची शाखा वेगळी मानली गेली, आणि त्याच शाखेवर फोसीकोला अब्सेसस ही जाती आधीपासून होती. मेंदूतील गळूच्या पुवात सापडलेल्या या जिवाणूचे वर्णन २००९ मध्ये फ्रान्समधील मार्सेय शहरातील संशोधकांनी केले होते, आणि प्रजातीचे नाव मार्सेय वसवणाऱ्या फोसिया या प्राचीन नगराच्या ग्रीकांवरून ठेवले होते. अग्रक्रमाच्या नियमानुसार आधीचे वैध नाव टिकते, त्यामुळे आतड्यातला हा अतिपरिचित रहिवासी आता फोसीकोला व्हल्गेटस म्हणून ओळखला जातो. मला ही विभागणी शास्त्रदृष्ट्या योग्य वाटते, पण तिची किंमत वाचकाला मोजावी लागते: जुन्या निबंधात ‘बॅक्टेरॉइडीसचे प्रमाण घटले’ असे लिहिलेले असेल, तर त्यात व्हल्गेटस मोजलेली असते, आणि नव्या संदर्भसंचावर (जिवाणूंची नावे जुळवण्यासाठी वापरलेल्या यादीवर) आधारलेल्या निबंधात ती नसण्याची शक्यता असते. हे दोन आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी कोणता संदर्भसंच वापरला होता, हे पाहावेच लागते.

रुग्णालयांच्या प्रयोगशाळांनी या बाबतीत वेगळी वाट धरली आहे. ‘बॅक्टेरॉइडीस फ्रॅजिलिस गट’ हा शब्दप्रयोग त्यांनी सोडलेला नाही आणि त्यात पॅराबॅक्टेरॉइडीस डिस्टासोनिसही धरली जाते, कारण पोटातील गळूवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना वंशवृक्षापेक्षा पेनिसिलीनला दाद न देणारे जिवाणू एकत्र मोजलेले हवे असतात.