कापडी पिशवी आणि पोर्टल

(दृश्य: पाऊस, उपकेंद्राची पडवी, लशींचा निळा डबा)

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं एक उपकेंद्र. आरोग्य केंद्रातून लशी सकाळीच आल्यात, बर्फाच्या पॅकमध्ये.

(दृश्य: कार्ड, नर्सबाईंचे हात)

हे कार्ड. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओ, कावीळ ब. मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस. नऊ महिने भरले की गोवर-रुबेला. कार्ड आईकडे राहतं, त्याची फाडलेली पावती नर्सबाईंकडे.

(दृश्य: खणांची पिशवी, जवळून)

आणि ही पिशवी. प्रत्येक महिन्याला एक खण. पुढचा डोस ज्या महिन्यात, पावती त्या खणात. महिना सरला तरी पावती तिथेच असेल, तर मूल आलेलं नाही. त्याच्या घरी जायचं. याला ना वीज लागते, ना रेंज.

(दृश्य: मोबाइल, फिरत राहिलेलं चक्र)

यू-विन, म्हणजे लसीकरणाच्या नोंदींचं सरकारी पोर्टल, मात्र रेंज मागतं. जानेवारी २०२३ मध्ये ६५ जिल्ह्यांत ते प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालं. मूल कुठेही गेलं तरी नोंद सापडावी, ही कल्पना चांगलीच आहे. पण इस्पितळात बाळाला नाव नसतं, नोंद होते ती 'बेबी ऑफ' अमुक. बारशानंतर गावात नव्या नावाने पुन्हा नोंद झाली, की एका मुलाच्या दोन नोंदी, दोन्ही अर्ध्या. आई बाळंतपणाला माहेरी गेली, सावंतवाडीला नाहीतर बेळगावला, तर पहिले डोस तिकडचे. खासगी डॉक्टरांनी टोचलेलं बऱ्याचदा त्यांच्याच फाइलीत राहतं. बांधकामावरच्या कुटुंबांचे तर फोन नंबरच बदलत असतात.

हे जुळवायचं कोणी? इतर राज्यांत आशा सेविका घरोघर फिरतात. गोव्यात ती योजनाच नाही. टोचणारी, वहीत लिहिणारी आणि फोनवर भरणारी बाई एकच.

पोर्टलवर डोस दिसत नाही म्हणजे तो दिलाच नाही, असं बैठकीत म्हणणाऱ्यांनी एकदा ही पिशवी उघडून बघावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही कार्ड मिळालं नाही, तर आईच्या सांगण्यावरच नोंद घेतात.

(दृश्य: बांधकामाजवळच्या झोपड्या)

नोंद नसलेलं मूल ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे डोस बाकी असलेल्यांच्या यादीत, येत नाही, आणि गोवराची साथ आधी अशाच मुलांना गाठते.

(दृश्य: नर्सबाई स्कूटरवर)

सत्र संपलं. राहिलेल्या नोंदी आता आरोग्य केंद्रात बसून भरायच्या. तिथे नेट चालतं.