कोच मोठा की खेळाडू? आणि निवडणारा कुठे गेला?

मंडळी, विषय तुम्ही दिलेला आहे. ‘घसरलेला फुटबॉल संघ पुन्हा उभा करायचा तर आधी काय हवं, चांगला कोच की चांगले खेळाडू?’ या विषयावर मी नक्की येणार आहे, फक्त नॉटिंगहॅममार्गे येणार आहे. (हशा) ज्यांनी मला आधी ऐकलंय ते हसतायत, म्हणजे बाकीच्यांना अंदाज आला असेल.

समोर आर्सेनलवाले दिसतायत, लिव्हरपूलवाले आहेत. मँचेस्टर युनायटेडवाले मागच्या रांगेत आहेत. २०२४-२५ मध्ये इंग्लिश लीगमध्ये पंधरावा नंबर लागल्यापासून त्यांना मागे बसायची सवय झालेली दिसते. (हशा) रागावू नका, तुमच्याकडे शेवटी येतोय.

आपला वाद कसा चालतो बघा. संघ लागोपाठ तीन सामने हरला की आपण म्हणतो, कोचला हाकला. ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा काळ, उघडली की तोच माणूस म्हणतो, कोच बिचारा काय करणार, खेळाडू कुठे आहेत? दोन्ही वाक्यं त्याच तावातावानं. उंटावरून शेळ्या हाकायला आपल्याला उंटसुद्धा लागत नाही. माझी जुनी तक्रार अशी की या सगळ्या आरडाओरड्यात एक माणूस कुणालाच आठवत नाही. तो ना कोच असतो, ना खेळाडू. हा खेळाडू घ्या, तो नको, आणि याला पुढे नाही, मागे खेळवा, असं सांगणारा तो माणूस.

आता नॉटिंगहॅम. खरं तर आधी लीड्स.

१९७४ च्या उन्हाळ्यात लीड्स क्लबचे कोच डॉन रेव्ही इंग्लंडच्या संघाकडे गेले आणि लीड्सवर ब्रायन क्लफ आले. लीड्स तेव्हा लीग विजेते होते. ब्रेमनर, जाइल्स, हंटर, लोरिमर असा सगळा तयार संघ. प्रतिभेची उणीव कुठेच नाही. आणि क्लफ कोण? १९६७ मध्ये डर्बी काउंटी दुसऱ्या विभागात, म्हणजे लीगच्या वरून दुसऱ्या पायरीवर होता, तो हातात घेऊन १९७२ मध्ये लीग जिंकलेला माणूस. म्हणजे कोचही उत्तम, खेळाडूही उत्तम, वादच मिटला! प्रत्यक्षात काय झालं? याच लीड्सला क्लफ कित्येक वर्षं रांगडा, धसमुसळा संघ म्हणून जाहीर नावं ठेवत आले होते. आल्या आल्या त्यांनी खेळाडूंना सांगितलं की तुमची पदकं कचऱ्यात टाका, ती सरळ मार्गानं मिळवलेली नाहीत. हा प्रसंग फुटबॉलमध्ये प्रत्येकानं प्रत्येकाला सांगून झालाय, तरी मला सांगायला मजा येते. लीगचे सहा सामने, विजय एक. ४४ दिवसांत क्लफ बाहेर.

आणि नंतर? जिमी आर्मफील्ड आले. खेळाडू तेच. मे १९७५ मध्ये लीड्स युरोपियन कपच्या, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात, पॅरिसला, बायर्न म्युनिकविरुद्ध. हरले २-०. त्या सामन्यात लोरिमरचा गोल नाकारला गेला. त्यावर लीड्सवाले अजून बोलतात, मी बोलणार नाही, नाहीतर इथेच रात्र होईल.

इथे खेळाडूवाल्यांची कळी खुलते. बघा, कोच बदलला तरी खेळाडूंनी अंतिम फेरी गाठलीच. जरा थांबा.

जानेवारी १९७५ मध्ये क्लफ नॉटिंगहॅम फॉरेस्टला आले. संघ दुसऱ्या विभागात. त्या मोसमात सोळावे, पुढच्या मोसमात आठवे. थोडक्यात, विशेष काही नाही. मग १९७६ च्या जुलैमध्ये क्लफचे जुने सहायक पीटर टेलर आले आणि गाडी सुटली. १९७७ मध्ये पहिल्या विभागात बढती. १९७८ मध्ये थेट लीग विजेते, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा. १९७९ आणि १९८० मध्ये युरोपियन कप, सलग दोनदा. क्लफ तेच होते, मंडळी. लीड्सला त्यांच्याबरोबर कोण नव्हतं? टेलर. ते ब्राइटनलाच थांबले होते.

टेलर मूळचे गोलकीपर. मिडल्सब्रोमध्ये असताना राखीव संघात एक तोंडाळ सेंटर फॉरवर्ड त्यांनी पाहिला आणि भेटेल त्याला सांगत सुटले की हा पोरगा विलक्षण आहे. तो पोरगा म्हणजे क्लफ. पुढे त्यानं लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल केले, गुडघा गेला म्हणून थांबला. म्हणजे टेलरचा पहिला शोध खुद्द कोचच होता. (टाळ्या) टाळ्या मला नकोत, टेलरना द्या. त्यांना हयातीत कमी मिळाल्या.

केनी बर्न्स घ्या. बर्मिंगहॅमला आघाडीवर खेळून गोल करणारा, तापट, आणि कुत्र्यांच्या शर्यतीवर पैसे उधळतो अशी ख्याती. असला माणूस घ्यायचा कसा? सांगतात की टेलर वेष पालटून शर्यतीच्या मैदानावर गेले आणि हा पैसे लावतो तरी किती, ते गर्दीत उभं राहून बघत राहिले. आजच्या भाषेत याला ‘डेटा’ म्हणतात. (हशा) बर्न्स फारसे लावत नव्हता. त्याला घेतलं आणि आघाडीवरून काढून बचावाच्या मधोमध उभं केलं. १९७८ चा इंग्लंडमधला फुटबॉल पत्रकारांचा ‘फुटबॉलर ऑफ द इयर’ कोण? बर्न्स. त्या मोसमात लीगच्या ४२ सामन्यांत फॉरेस्टवर गोल झाले फक्त २४.

दुसरा जॉन रॉबर्टसन. हा तर विकत घेतलेलाही नाही, क्लबमध्येच पडून होता. वजन जास्त, हातात सिगारेट, वेग बेताचा. त्याला मधल्या फळीतून काढून डाव्या रेषेला चिकटवलं. जुनी चित्रफीत मिळाली तर त्याचे पाय बघा. बचावपटू समोर येईपर्यंत हा चेंडू पायाखाली धरून जवळजवळ उभाच असतो. मग खांदा किंचित झुकतो, अर्धा यार्ड जागा होते, आणि तेवढ्यात चेंडू गोलसमोर पोचलेला असतो. धावायची गरजच पडत नाही. १९७९ ला म्युनिकमध्ये माल्मोविरुद्ध त्याच्याच क्रॉसवर, म्हणजे कडेनं गोलसमोर टाकलेल्या चेंडूवर, ट्रेव्हर फ्रान्सिसनं हेडर मारला, १-०. वर्षभरानं माद्रिदमध्ये हॅम्बुर्गविरुद्ध एकमेव गोल, तोही रॉबर्टसनचा. फ्रान्सिस हा ब्रिटनचा पहिला दहा लाख पौंडांचा खेळाडू. त्याला क्रॉस देणारा फुकटचा होता. आता सांगा, हे कोचिंग की प्रतिभा? रॉबर्टसनमध्ये प्रतिभा १९७५ मध्येही होती. ती कुणाला...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे आता तुमचा विषय. (हशा)

भराभर सांगतो. खेळाडूवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा पैशाचा आहे. स्टीफन शिमान्स्की या अर्थशास्त्रज्ञानं दाखवलंय की क्लब पगारावर जेवढा खर्च करतो, साधारण त्याच क्रमानं तो लीगमध्ये येतो. पाच-दहा वर्षांचा हिशोब धरला तर हे नातं फार पक्कं आहे. मी ते नाकारत नाही. पण फेरउभारणी म्हणजे या क्रमाच्या वर जाणं. तिथे पगाराचा तक्ता कामाचा नाही.

लेस्टर. २०१४-१५ मध्ये चौदावे, पुढच्या वर्षी विजेते. सगळे कोच रानिएरींच्या नावानं टाळ्या वाजवतात, वाजवा. पण वार्डी फ्लीटवूडहून, मारेझ ल हाव्रहून, कांटे कॉंहून आणणाऱ्यांत स्टीव्ह वॉल्श होते. २०१६ ला वॉल्श एव्हर्टनला गेले, कांटे चेल्सीला गेला आणि तिथेही लीग जिंकला. रानिएरी फेब्रुवारी २०१७ मध्ये घरी.

लिव्हरपूल. कोच क्लॉप ऑक्टोबर २०१५ मध्ये आले, पहिल्या मोसमात आठवे. मग कुटिन्यो बार्सिलोनाला विकला. व्हॅन डाइक आला, अ‍ॅलिसन आला. यामागे खेळाडू निवडणारे मायकेल एडवर्ड्स होते, ते कॅमेऱ्यासमोर क्वचितच दिसले. क्लॉपचं मोठेपण कुठे? खालच्या विभागात घसरलेल्या हल सिटी क्लबमधून अँडी रॉबर्टसन आला. त्याला आधी काही महिने बाकावर बसवून संघाची पद्धत शिकवली आणि मग असा लेफ्ट बॅक झाला की बघत राहावं. स्कॉटलंडचा रॉबर्टसन दिसला की डावीकडे उभा करा, एवढं जरी आज घेऊन गेलात तरी पुष्कळ. (हशा)

आर्सेनल. कोच आर्टेटा, डिसेंबर २०१९ पासून. आठवे, पुन्हा आठवे, आणि २०२१-२२ चे पहिले तिन्ही सामने हरले, एकही गोल न करता. तेव्हा ‘हाकला’ म्हणणारे या सभागृहात आहेत, नावं घेत नाही. क्लबनं हाकललं नाही. पाचवे, मग सलग तीन वर्षं दुसरे. कोच टिकला म्हणून खरेदीला एक दिशा राहिली.

आणि युनायटेड. कोच फर्ग्युसन २०१३ ला निवृत्त झाले. मॉयेस, व्हॅन हाल, मॉरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, अमोरिम. प्रत्येकाची पद्धत वेगळी आणि प्रत्येकासाठी घेतलेले खेळाडू पुढच्याच्या गळ्यात. अमोरिम तीन बचावपटूंची पद्धत घेऊन आले तर संघात धड विंगबॅक, म्हणजे कडेनं वर-खाली धावणारे बचावपटू, नाहीत. फुटबॉल डायरेक्टर, म्हणजे आपल्या निवडणाऱ्याचं, हे पद या क्लबनं पहिल्यांदा भरलं मार्च २०२१ मध्ये. फर्ग्युसननंतर जवळजवळ आठ वर्षांनी! घोडं इथे पेंड खातंय. ना कोच वाईट होते, ना खेळाडू.

मग क्रम काय? आधी निवडणारा, मग त्याच्याशी जमणारा कोच, आणि महागडे खेळाडू अगदी शेवटी. माझ्या मते, अर्थात. पण निवडणाऱ्यालाच देव्हाऱ्यात बसवतोय असं समजू नका, कारण टेलरचीच उलटी गोष्ट आहे. १९८२ मध्ये ते फॉरेस्ट सोडून डर्बीचे मॅनेजर झाले, एकटे. १९८३ मध्ये क्लफना न सांगता रॉबर्टसनला घेऊन गेले, आणि दोघांचं बोलणं बंद झालं ते १९९० मध्ये टेलर वारले तोपर्यंत. डर्बीचं काय झालं? १९८४ मध्ये संघ तिसऱ्या विभागात. निवडणारा तोच, डाव्या रेषेवरचा रॉबर्टसन तोच, फक्त क्लफ नव्हते.

आता प्रश्न. एकेक जण, आणि कृपा करून लोरिमरच्या गोलवर नको.