व्ह्यूजचे पैसे आणि बाकीचे पैसे

नमस्कार. मागे आवाज येतोय ना नीट? बरं. तर विषय आहे मोठे यूट्यूबर कमावतात कसे, आणि मला माहितीये इथल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात एकच प्रश्न आहे, दहा लाख व्ह्यूजला किती मिळतात. त्याला एक ठरलेला आकडा नाही, का ते सांगतो, पण आधीच सांगून ठेवतो की ज्यांच्या कमाईच्या बातम्या तुम्ही वाचता ना, त्यांच्या बाबतीत हा प्रश्नच थोडा साईडचा आहे. व्ह्यूज विकून जे मिळतं ते त्यांच्या दुकानातला सगळ्यात स्वस्त माल आहे.

तरी सुरुवात तिथूनच करू. गूगलने २००६ मध्ये यूट्यूब १६५ कोटी डॉलरला घेतलं आणि २००७ मध्ये पार्टनर प्रोग्राम आला, म्हणजे जाहिरातीचे पैसे व्हिडिओ बनवणाऱ्यालाही मिळायला लागले. आज लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के क्रिएटरला आणि ४५ टक्के यूट्यूबला. तळं राखील तो पाणी चाखील, त्यात काही नवल नाही. यात यायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास वॉच टाइम लागतो, किंवा ९० दिवसात शॉर्ट्सचे, म्हणजे त्या छोट्या उभ्या व्हिडिओंचे, १ कोटी व्ह्यूज. मेंबरशिप वगैरे चालू करायला २०२३ पासून ५०० सबस्क्रायबरची एक खालची पायरीपण आहे, ती सोडा.

शॉर्ट्सचं गणित मात्र वेगळं आहे आणि इथेच लोक फसतात. शॉर्ट्समध्ये तुमच्या व्हिडिओवर जाहिरात लागत नाही, ती दोन शॉर्ट्सच्या मध्ये लागते, मग ती नक्की कोणाची? म्हणून सगळे पैसे एकत्र जमा होतात आणि व्ह्यूजप्रमाणे वाटले जातात. त्यात तुम्ही एक गाणं वापरलंत तर त्या व्ह्यूजचा अर्धा हिस्सा गाण्याच्या लायसन्सकडे वळतो, दोन गाणी वापरलीत तर दोन तृतीयांश. उरलेलं क्रिएटरच्या पूलमध्ये जातं आणि त्यातून तुमच्या वाट्याला आलेल्या रकमेचे ४५ टक्के तुम्हाला. हे फेब्रुवारी २०२३ पासून आहे. त्यामुळे शॉर्ट्सचे कोटीभर व्ह्यूज दाखवणारा माणूस आणि लांब व्हिडिओचे दहा लाख दाखवणारा माणूस, यात कोणाच्या खात्यात जास्त पडले हे नुसतं आकड्यावरून सांगता येत नाही, बऱ्याचदा दुसराच पुढे असतो.

आता सीपीएम आणि आरपीएम. सीपीएम म्हणजे जाहिरातदार १००० वेळा जाहिरात दिसण्याचे किती देतो ते. आरपीएम म्हणजे तुमच्या १००० व्ह्यूजमागे सगळी कापाकापी होऊन तुमच्या हातात काय आलं ते. बरेच व्ह्यूज विनाजाहिरातीचेच असतात, कोणाकडे ॲड ब्लॉकर, कुठे त्या वेळी जाहिरातच नाही, म्हणून सीपीएम कायम फुगीर दिसतो. इंटरनेटवर स्क्रीनशॉट फिरतात ते हमखास सीपीएमचे असतात, काय करणार, मोठा आकडा कोणाला आवडत नाही.

आणि हा दर ठरवतं कोण? कोणीच नाही, लिलाव होतो. प्रत्येक वेळी व्हिडिओ उघडला की त्या प्रेक्षकासाठी जाहिरातदार बोली लावतात. गुंतवणूक, इन्शुरन्स, सॉफ्टवेअर असल्या विषयांवर बघणारा माणूस खिशात हात घालायच्या बेतात असतो म्हणून त्याच्यासाठी बोली चढते, प्रँक व्हिडिओ बघणाऱ्यासाठी तेवढी चढत नाही. श्रीमंत देशातला प्रेक्षक महाग, गरीब देशातला स्वस्त. ऑक्टोबर ते डिसेंबर दर वर, जानेवारीत धपकन खाली, दरवर्षी जानेवारीत नवे क्रिएटर घाबरून विचारतात माझं चॅनेल मेलं का. मेलं नाही हो, कंपन्यांचं नवीन वर्षाचं बजेट अजून सुटलेलं नाही एवढंच. अजून एक गंमत, पूर्वी मधे जाहिरात टाकायला व्हिडिओ १० मिनिटांचा असावा लागायचा, म्हणून एकेकाळी जो तो ओढूनताणून १० मिनिटं आणि काही सेकंदांचा व्हिडिओ करायचा. जुलै २०२० पासून ती मर्यादा ८ मिनिटं झाली आणि लोक ८ मिनिटांवर आले. तुम्ही कंटेंट म्हणून जे बघता त्याची लांबीसुद्धा अशी ठरते.

या पैशाचा खरा दोष असा की त्यावर तुमचा काडीचाही ताबा नाही. २०१७ मध्ये मोठ्या ब्रँडच्या जाहिराती कट्टरवादी व्हिडिओंवर दिसतायत अशा बातम्या आल्या, ब्रँडनी पैसे काढून घेतले, आणि ज्यांचा त्या व्हिडिओंशी काही संबंध नव्हता त्यांचीपण कमाई आपटली. मग २०१९ मध्ये मुलांचा डेटा गोळा केल्याबद्दल अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलरचा दंड झाला, त्यानंतर जानेवारी २०२० पासून मुलांसाठीच्या व्हिडिओंवर पर्सनलाइज्ड जाहिराती बंद. या दोन्ही वेळी क्रिएटरला कोणी विचारलं नाही. तिथून मोठ्यांनी धडा घेतला की यूट्यूबचा चेक आला तर उत्तम, पण घर त्याच्यावर चालवायचं नाही.

मग दुसरा पैसा, स्पॉन्सर. व्हिडिओच्या मधे 'आजचा व्हिडिओ अमुकच्या सौजन्याने' येतं ना, ते. यात यूट्यूबचा वाटा नाही, डील थेट तुमची आणि ब्रँडची, मधे मॅनेजर किंवा एजन्सी असेल तर ती आपलं कमिशन घेते. ब्रँड तुमचे सबस्क्रायबर बघत नाही, शेवटच्या दहाएक व्हिडिओंना पहिल्या महिन्यात सरासरी किती व्ह्यूज आले ते बघतो. आणि कराराचा कागद आला की वाचण्यासारखा असतो. साठ ते नव्वद सेकंद बोलायचं. ते व्हिडिओच्या पहिल्या भागातच यायला पाहिजे, शेवटी ढकललेलं चालणार नाही. डिस्क्रिप्शनच्या अगदी वरच्या ओळीत लिंक, पिन केलेल्या कमेंटमध्येपण लिंक. अपलोड करायच्या आधी ड्राफ्ट दाखवायचा. खाली बारीक अक्षरात, इतके दिवस दुसऱ्या तशाच कंपनीची जाहिरात करायची नाही. त्याच्याही खाली, तुमची क्लिप आम्ही आमच्या जाहिरातीत वापरू शकतो, किती दिवस हे लिहिलेलं असेल किंवा नसेल. पैसे व्हिडिओ आल्यावर तीस, साठ, कधी नव्वद दिवसांनी.

नवखा माणूस फक्त रक्कम बघतो आणि सही करतो. अनुभवी माणूस त्या वापराच्या हक्काचे वेगळे पैसे मागतो, एक्सक्लुझिव्हिटीचे, म्हणजे तशाच दुसऱ्या कंपनीची जाहिरात न करण्याचे, वेगळे मागतो, एकाच साठ सेकंदाचं तीनदा बिल लावतो, आणि ते रास्तच आहे कारण तुमचा चेहरा ब्रँडच्या जाहिरातीत सहा महिने फिरणार असेल तर ते मॉडेलिंग झालं ना. हजार व्ह्यूजमागे स्पॉन्सर बहुतेक वेळा लिलावातल्या जाहिरातीपेक्षा बराच जास्त देतो. स्किप करायचं बटण नाही, ओळखीच्या आवाजात शिफारस, आणि व्हिडिओ जितकी वर्षं बघितला जाईल तितकी वर्षं ती जाहिरात तिथेच.

तिसरा पैसा थेट प्रेक्षकांचा. मेंबरशिप म्हणजे चाहत्यांची दरमहा वर्गणी, सुपर चॅट म्हणजे लाइव्हमध्ये पैसे देऊन टाकलेला मेसेज, यात क्रिएटरला ७० टक्के. यूट्यूबच्या बाहेर पॅट्रिऑन आहे, चाहते क्रिएटरला थेट पैसे देतात ती वेबसाइट, २०१३ मध्ये जॅक कॉन्टे नावाच्या संगीतकाराने एका पार्टनरबरोबर काढलं. त्याने पदरचे पैसे घालून, खपून एक म्युझिक व्हिडिओ केला होता आणि जाहिरातीतून त्याचे किरकोळ पैसे येणार हे त्याला दिसत होतं. त्याचा विचार साधा होता, दहा लाख लोकांनी बघण्यापेक्षा हजार लोकांनी दरमहा पैसे दिले तर बरं. मला विचाराल तर मधल्या फळीतल्या क्रिएटरला जगवणारा पैसा हाच आहे, पार टॉपला असलेल्यांना त्याची एवढी गरज पडत नाही.

टॉपवाल्यांचा पैसा चौथा, स्वतःचा माल. रायन काजी हा मुलगा खेळणी उघडून दाखवायचा, २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं फोर्ब्स मासिकाच्या सर्वाधिक कमावणाऱ्या यूट्यूबरच्या यादीत पहिला होता, पण २०२० पर्यंत त्याच्या नावाची खेळणी, कपडे, वस्तू दुकानात विकल्या जात होत्या आणि कमाईचा मोठा भाग तिथून येत होता. म्हणजे आधी दुसऱ्याची खेळणी दाखवली, मग स्वतःची विकली. लोगन पॉल आणि केएसआय, एकमेकांशी बॉक्सिंग खेळलेली माणसं, दोघांनी २०२२ मध्ये प्राइम नावाचं पेय काढलं आणि दुसऱ्याच वर्षी विक्री अब्ज डॉलरच्या पुढे गेली. नंतर ब्रिटनमधला खप दणकून पडला, तोही याच गोष्टीचा भाग आहे, क्रेझवर विकलेला माल क्रेझबरोबर उतरतो.

आणि मिस्टरबीस्ट. जिमी डोनाल्डसन. २०१७ मध्ये एक ते एक लाख आकडे मोजले कॅमेऱ्यासमोर बसून, तोच. जून २०२४ मध्ये टी-सिरीजला मागे टाकून सगळ्यात जास्त सबस्क्रायबरचं चॅनेल त्याचं झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्क्विड गेम या कोरियन मालिकेवर बेतलेल्या एका व्हिडिओला ३५ लाख डॉलरच्या आसपास खर्च केला. लोक म्हणतात एवढे पैसे परत येतात का. जाहिरातीतून यायलाच पाहिजेत असं नाही! ब्लूमबर्गच्या २०२५ मधल्या बातमीनुसार २०२४ मध्ये त्याच्या फीस्टेबल्स चॉकलेटची विक्री २५ कोटी डॉलरच्या आसपास होती आणि नफा २ कोटींच्या वर, आणि त्याच वर्षी त्याच्या व्हिडिओ-टीव्हीच्या धंद्याला जवळजवळ ८ कोटींचा तोटा. बघा म्हणजे, जगातला सगळ्यात मोठा यूट्यूबर व्हिडिओत पैसे घालवतो आणि चॉकलेटमध्ये कमावतो. व्हिडिओ हा त्याचा मार्केटिंगचा खर्च आहे. दुसरी चॉकलेट कंपनी तोच खर्च जाहिरात एजन्सीला देते आणि लोक ती जाहिरात स्किप करतात, मिस्टरबीस्टच्या व्हिडिओची मात्र लोक वाट बघतात.

पण स्वतःचा माल म्हणजे स्वतःचाच पाहिजे. २०२० मध्ये त्याच्या नावाने बर्गर निघाले, बनवणारी किचन दुसऱ्यांची, नाव फक्त याचं. ठिकठिकाणी बर्गर वाईट निघतोय असा आरोप करून २०२३ मध्ये त्याने पार्टनर कंपनीवर केस केली, कंपनीने उलटी केस केली. शिव्या बनवणाऱ्याला पडल्या नाहीत, पेटीवर ज्याचं नाव त्याला पडल्या. नाव भाड्याने देणं आणि कंपनीत मालकी असणं यातला फरक तिथे कळतो.

हां, मागून प्रश्न आलाय, फोर्ब्सचे आकडे खरे का. अंदाज असतात ते, टॅक्सच्या आणि मॅनेजर-वकिलांच्या फीच्या आधीचे. २०२१ सालच्या कमाईचे म्हणून मिस्टरबीस्टचे ५ कोटी ४० लाख डॉलर छापून आले होते, वाचणाऱ्याला वाटतं तेवढे बँकेत पडले. कमाई, उलाढाल आणि खिशात राहिलेले, हे तीन वेगळे आकडे आहेत आणि हेडलाइनमध्ये कायम सगळ्यात मोठा येतो.

अजून एक, जुने व्हिडिओ. तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ अजून रोज बघितला जात असेल तर ती मालमत्ता झाली. स्पॉटर नावाची कंपनी जुन्या व्हिडिओंच्या पुढच्या काही वर्षांच्या जाहिरात उत्पन्नाच्या बदल्यात आज एकरकमी पैसे देते, कर्ज नाही, हक्क विकत घेते. क्रिएटर ते नव्या मोठ्या व्हिडिओत घालतो. फायद्याचं की तोट्याचं हे जुने व्हिडिओ किती टिकतात त्यावर, बातमीवाल्या चॅनेलला हे कोणी देणार नाही, स्वयंपाक किंवा दुरुस्ती शिकवणाऱ्याला देईल.

शेवटचा प्रश्न घेतो, चॅनेल विकता येतं का. चेहरा नसेल तर आरामात. कोकोमेलन, ती लहान मुलांची ॲनिमेशनवाली गाणी, २०२० मध्ये मूनबग कंपनीने घेतलं, आणि पुढच्याच वर्षी अख्खी मूनबग ३ अब्ज डॉलरच्या आसपास विकली गेली. चेहरा असेल तर अवघड, कारण माणूस निघून गेला की उरतं काय. त्यावर डग डिम्युरोने वाट काढली. तो गाड्यांचे रिव्ह्यू करतो, २०२० मध्ये त्याने कार्स अँड बिड्स नावाची गाड्यांच्या ऑनलाइन लिलावाची वेबसाइट काढली, गाड्या आवडणारे प्रेक्षक त्याच्याकडे होतेच. २०२३ मध्ये एका गुंतवणूकदार कंपनीने त्यातला मोठा हिस्सा घेत ३ कोटी ७० लाख डॉलर घातले. विकली वेबसाइट, स्वतःला नाही, आणि गाड्यांचे रिव्ह्यू तो नंतरही करतच राहिला. चला, बाकीचं चहा घेताना बोलू.