पायऱ्या, आवाज आणि परतीची गाडी

(नेरूळमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आजचा विषय मी स्वतःहून मागून घेतला. इथे येण्याआधी तुमच्यापैकी काहीजणांशी फोनवर बोलले आणि एकच विचारलं, मैदानात जाऊन शेवटचा सामना कधी बघितलात? कुणी म्हणालं, नोकरीत असताना, वानखेडेला. कुणी म्हणालं, आता टीव्हीवरच जास्त चांगलं दिसतं. एका काकांनी मात्र मनातलं सांगितलं, "जावंसं फार वाटतं हो, पण बाथरूमचं काय?"

त्या काकांना उत्तर द्यायला मी आलेय. आपण घरी बसतो ते पायऱ्यांच्या धास्तीने, लघवीच्या घाईने, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाने आणि रात्री परत कसं यायचं या काळजीने. या प्रत्येकाची आधी चौकशी करता येते, तजवीज करता येते. ती केली की सत्तरीतही स्टेडियम आपलंच आहे. आणि तुमच्या बाबतीत तर नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम रिक्षाच्या अंतरावर आहे.

आधी टीव्हीचं बोलू. मी शाळेत खेळाची शिक्षिका होते, ठाण्यात. मुलींना खो-खो शिकवला, कबड्डी शिकवली, पुढे क्रिकेटही. त्या मुलींचे सामने बघायला आई-वडीलसुद्धा यायचे नाहीत. म्हणून २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटीलवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता, तेव्हा काही झालं तरी जायचं असं ठरवलं होतं. २००५ आणि २०१७, दोनदा अंतिम फेरीत हरलेला आपला संघ. भारताच्या २९८ धावा झाल्या, त्यात सलामीच्या शफाली वर्माच्या ८७. दक्षिण आफ्रिकेचा पाठलाग सुरू झाला, जोडी जमत चालली, आणि आपल्या कर्णधार हरमनप्रीतने चेंडू शफालीकडे दिला. शफाली काही नेहमीची गोलंदाज नाही. टीव्हीवर त्या वेळी रीप्ले चालू असणार किंवा जाहिरात. आम्हाला दिसलं ते असं: शफाली मनगट फिरवत चालत येतेय, क्षेत्ररक्षक हातवाऱ्यांनी इकडून तिकडे सरकतायत आणि स्टँडमध्ये कुजबुज पसरतेय, "अगं, शफाली!" लगेच दोन विकेट तिने काढल्या.

दक्षिण आफ्रिकेची कर्णधार वोल्वार्ट शतक करून उभी होती, तेव्हाची गोष्ट तर सांगायलाच हवी. तिने आपल्या दीप्ती शर्माचा चेंडू उंच मारला. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो. मैदानात बसलेल्या माणसाला झेल घ्यायला धावणारी अमनजोत आधी दिसते, ती कुठून निघाली, किती धावली. चेंडू हातात आला, उडाला, पुन्हा हाताला लागला, पुन्हा उडाला, आणि शेवटी तिने तो धरला. एवढ्या वेळात पूर्ण स्टेडियमचा श्वास अडकला होता. माझ्या शेजारच्या अनोळखी मुलीने माझा दंड घट्ट धरला होता आणि तिला ते कळलंही नव्हतं. आपण ५२ धावांनी जिंकलो. अख्खं मैदान डोळ्यांसमोर ठेवून कुठे काय घडणार हे हेरायची ही नजर पन्नास वर्षं क्रिकेट बघितलेल्या माणसाकडेच असते. ती घरच्या सोफ्यावर वाया जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता पायऱ्या. तिकीट काढताना नातवंडं विचारतात, "आजी, कुठलं स्टँड?" स्टँडचं नाव नंतर. आधी विचारा, स्टँडमध्ये शिरायचं दार कोणत्या रांगेपाशी उघडतं? बऱ्याच स्टेडियममध्ये ते स्टँडच्या मधल्या उंचीवर उघडतं. त्या पातळीच्या आसपासची रांग घ्या, आणि रांगेत अगदी कडेची खुर्ची. सगळ्यात खालची, मैदानालगतची रांग मोहात पाडते. पण तिथवर उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्त ताण येतो. दुपारचा सामना असेल तर पश्चिमेकडचं स्टँड बघा, सूर्य पाठीशी जातो आणि सावली लवकर येते. डी. वाय. पाटीलचं छत खांबांशिवाय पुढे झुकलेलं आहे, त्यामुळे मध्ये खांब आडवा येण्याची भीती नाही.

आणि चष्मा! बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काच लावून पायऱ्या उतरताना आपण खाली बघतो ते वाचनाच्या नंबरातून. पायरीची कड धूसर दिसते, पाय चुकतो. फक्त लांबच्या नंबराचा साधा चष्मा करून घ्या, मैदानाला आणि नाट्यगृहाला तोच लावा. नाट्यगृहात अंधार झाल्यावर तर शिरूच नका. या वयात डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला जास्त वेळ लागतो. वीस मिनिटं आधी जाऊन बसा.

आता काकांचा प्रश्न. ब्लड प्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर त्या दिवशी तिची वेळ पुढे-मागे करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बंद करू नका. पाणी तोडणं हा तर सर्रास केला जाणारा अविचार आहे. या वयात तहान कमी जाणवते. ऑक्टोबरच्या उन्हात चार तास पाण्याविना काढले की उठताना चक्कर येते. थोडं थोडं पाणी पीत राहा आणि डाव संपायची वाट न बघता षटक चालू असताना उठा. मध्यंतरात रांग लागते, षटक चालू असताना लागत नाही. एखादा चौकार हुकेल, हुकू दे. बसल्या जागेवरून झटकन उभं राहू नका, आधी पाय हलवा, मग रेलिंग धरून उठा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकू देऊ नये. बाहेरचं खाणं आणि पाण्याची बाटली गेटवर बहुधा काढून ठेवायला लावतात. म्हणून गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि ग्लुकोजची पुडी. गेटवर स्वतःहून दाखवा. शांतपणे सांगितलं की बहुतेक वेळा सोडतात.

गेटवरचीच आणखी एक गोष्ट. माझ्या ओळखीचं एक जोडपं मोठ्या कार्यक्रमाला गेलं. दोघांची तिकिटं काकांच्या फोनवर. तपासणीला बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. काकू पुढे पोचल्या, तिकीट मागे. अर्धा तास दोघं एकमेकांना शोधत होते, फोन लागत नव्हता, कारण हजारो लोक एकाच वेळी फोनवर होते. तेव्हा प्रत्येकाचं तिकीट प्रत्येकाच्या फोनमध्ये, आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा घरूनच ठरवून निघायचं.

आवाजाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण आपण इथे फार निष्काळजी आहोत. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ऐकला तर कानाची सहनशक्ती संपते, असं साधारण मानतात. पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला पाव तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या ठिकाणांसाठी शिफारस केली, ती हीच, पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये. गाण्याच्या कार्यक्रमात मोठ्या स्पीकरसमोर आवाज त्याच्या पुढे सहज जातो. आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

औषधांच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. बोटांनी वळून सुरळी करायची, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर ओढायचा, सुरळी आत सारायची आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. आवाज वीसेक डेसिबलने उतरतो आणि गाणं तरीही ऐकू येतं. कापूस घालून भागत नाही. श्रवणयंत्र वापरत असाल तर आवाज कमी करा, आणि कसा करायचा ते घरी शिकून घ्या. जागा स्पीकरच्या रांगेसमोर नको. ज्या भागात खुर्च्या नसतात, तिथलं तिकीट तर नातवाने फुकट दिलं तरी घेऊ नका.

आता एक गोष्ट जी आपल्याच बाजूची आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. त्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. त्यामुळे मोठ्या मैदानावरचं गाणं बहुधा दहाला आटोपतं. या नियमाने आपलं एक मोठं सुख नेलं, हेही मी म्हणेन. रात्रभर चालणाऱ्या मैफली ज्यांनी ऐकल्यात, पहाटेच्या भैरवीपर्यंत सतरंजीवर बसलेत, त्यांना कळेल काय गेलं. मालकंस, दरबारी हे रात्रीचे राग आता भर संध्याकाळी ऐकावे लागतात. तरी आज साठी ओलांडलेल्याला दहा वाजता संपणारा कार्यक्रम झेपतो, हेही खरं. आणि ठाण्याला पंडित राम मराठे यांच्या नावाने महापालिकेचा संगीत महोत्सव होतो, तलावपाळीला दिवाळी पहाट असते. इथून ट्रान्स-हार्बरची गाडी थेट ठाण्याला. पहाटेला निघा, ऊन चढायच्या आत घरी.

क्रिकेटला हा दहाचा हिशोब लागत नाही. त्या अंतिम सामन्यात पावसाने दोन तास खाल्ले, तीनचा सामना पाचला सुरू झाला आणि मध्यरात्र झाली. म्हणून परतीची सोय संपण्याच्या वेळेवर बेतू नका, त्याच्यापुढे दोन तास धरा. शेवटची लोकल गाठायची घाई माणसाला गर्दीत ढकलते. गर्दी दाट झाली की आपल्या पायांवर आपला ताबा राहत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं गेली, ती रोजची ये-जा करणारी माणसं होती. तेव्हा खेळ संपल्यावर अर्धा तास खुर्चीतच बसा. बक्षीस समारंभ बघा. जिने मोकळे होऊ द्या. आणि फुकटच्या जल्लोषाला, विजयाच्या मिरवणुकीला जाऊ नका. ४ जून २०२५ ला बंगळुरूला चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांवर ११ जीव गेले. त्या दिवशी तिथे सामना नव्हता, सत्कार होता. किती लोक येणार याचा अंदाजच नसतो तिथे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी विश्वचषकाने सुरुवात करू नये. डिसेंबर २०२३ मध्ये इथेच भारत-इंग्लंड महिलांची कसोटी झाली. दिवसा खेळ, ऐसपैस जागा, कंटाळा आला तर जेवून परत या. दीप्तीने ७ धावांत ५ बळी घेतले आणि आपण ३४७ धावांनी जिंकलो. असे सामने शोधा. शाळा-कॉलेजच्या कबड्डीला जा, मुलांना टाळ्या हव्याच असतात.

शेवटचं, आणि हे आयोजकांकडून काय मागायचं त्याबद्दल. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा खेळ आणि सांस्कृतिक कार्यक्रमांत सहभागाबद्दल स्पष्ट बोलतो. चाकाची खुर्ची, उतार, सोबतच्या माणसाची जागा, हे मागायला संकोच करू नका. तिकीट काढण्याआधी ई-मेल करा, चार प्रश्न विचारा: जिन्याला कठडा दोन्ही बाजूंना आहे का? लिफ्ट चालू असते का? जवळचं स्वच्छतागृह कोणत्या ब्लॉकपाशी? वृद्धांना कोणत्या गेटने सोडतात? उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवा, आणि आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या लेटरहेडवर पाठवा. एकट्या आजींचं पत्र बाजूला पडतं, दोनशे सभासदांचं पडत नाही. मसुदा मी आणलाय, अध्यक्षांकडे देते. पुढच्या सभेआधी तो पाठवू या, आणि उत्तर आलं की पहिली तिकिटं एकत्रच काढू.